निगेटिव्ह हवी प्रिंटएवढी

सायनोटाइप, व्हॅनडाइक ब्राउन, सॉल्ट प्रिंट, प्लॅटिनम, गम बायक्रोमेट. फोटो छापण्याच्या या एकोणिसाव्या शतकातल्या रीती आपल्याकडे पुन्हा हातात घेतल्या जात आहेत. गोव्यात तर त्यासाठी ‘गोवा सेंटर फॉर अल्टरनेटिव्ह फोटोग्राफी’ उभं राहिलं. कार्यशाळेत मुलं कागदाला हिरवट द्रावण फासतात, वर झाडाचं पान ठेवून उन्हात धरतात आणि पाण्याखाली उमटत जाणारा निळा रंग पाहून हरखून जातात. पुढे पान बाजूला ठेवून स्वतःचा फोटो छापायचा म्हटलं की मात्र गाडं अडतं. या सगळ्या रीतींत निगेटिव्ह कागदाला घट्ट भिडवूनच छापावं लागतं. आठ बाय दहा इंचाची प्रिंट हवी, तर निगेटिव्हही आठ बाय दहाचीच हवी. ती आणायची कुठून?

यावर दोन मतं आहेत आणि ती मी एका मामाच्या आणि भाचीच्या तोंडी घातली आहेत. मामा मुंबईतल्या ऑफसेट छापखान्याच्या कॅमेरा विभागातून निवृत्त झालेला, राहायला डोंबिवली पूर्वेला. भाची उपयोजित कला शिकलेली, सुट्टीच्या दिवशी गॅलरीत सायनोटाइप करणारी. डोंबिवलीच निवडली, कारण सकाळच्या लोकलने मुंबईच्या छापखान्यांत जाणारे कॅमेरामन, रिटचर, प्लेटमेकर इकडे घरं करून राहिले, आणि मला जे म्हणायचं आहे ते मुख्यतः त्यांच्याविषयी आहे.

भाची : मामा, तुझा तो ठाकुर्लीच्या पॉवर हाउसचा फोटो मला सायनोटाइपमध्ये काढायचाय. निगेटिव्ह स्कॅन करते, कॉम्प्युटरवर टोनचा कर्व्ह लावते आणि पारदर्शक ओएचपी फिल्मवर प्रिंटरने मोठी निगेटिव्ह छापून घेते. रविवारी ऊन पडलं की काम झालं.

मामा : पस्तीस एमएमची चांगली चांदीची निगेटिव्ह हातात असताना मध्ये प्रिंटर कशाला? एन्लार्जर माळ्यावर आहे. लिथ फिल्मवर आठपट मोठी पॉझिटिव्ह काढायची, ती दुसऱ्या लिथ फिल्मवर कॉन्टॅक्ट करायची, मोठी निगेटिव्ह तयार. आम्ही जन्मभर हेच केलं.

भाची : तुम्ही छपाईचे ठिपके काढलेत. स्क्रीन लावून. ही सलग टोनची निगेटिव्ह आहे.

मामा : ठिपके नंतरचे. रंगीत कामात आधी ट्रान्सपरन्सीवरून लाल, हिरवा, निळा फिल्टर लावून सलग टोनच्या सेपरेशन निगेटिव्ह निघायच्या. काळ्यासाठी आणखी एक. प्रत्येकीची घनता डेन्सिटोमीटरवर मोजल्याशिवाय काम पुढे जात नसे. स्क्रीन त्यानंतर.

भाची : आणि थेट एन्लार्जरखालीच सायनोटाइपचा कागद ठेवला तर?

मामा : रात्रभर दिवा जाळलास तरी कागदावर काही यायचं नाही.

मामाचं खरं आहे. जॉन हर्शेलने १८४२ मध्ये सायनोटाइप शोधलं, त्यात प्रकाश टिपतो तो लोहाचा क्षार. त्याला अतिनील आणि जांभळा-निळा प्रकाश लागतो, तोही भरपूर. थेट उन्हात मिनिटं मोजावी लागतात. एन्लार्जरच्या बल्बमध्ये हे किरण मुळात थोडे, आणि जे असतात त्यांतलेही काही काचेच्या भिंगांत अडतात. मोठं करण्याची खटपट मात्र जुनीच आहे. बाल्टिमोरच्या डेव्हिड वुडवर्डने १८५७ मध्ये सौर कॅमेऱ्याचं पेटंट घेतलं. आरशाने ऊन आत घ्यायचं, भिंगाने एकवटायचं, निगेटिव्हमधून पाठवून कागदावर मोठी प्रतिमा पाडायची, आणि सूर्य सरकेल तसा आरसा फिरवत राहायचं. बाकीच्यांनी सरळ कॅमेराच मोठा केला. राजा दीनदयाळ यांनी मोठाल्या काचेच्या प्लेटा बरोबर वागवल्या, कारण प्रिंट जेवढी हवी तेवढीच प्लेट लागे. त्यांच्या काचेच्या निगेटिव्हचा मोठा संग्रह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहे. आपल्या हातात प्लेट कॅमेरा नाही. असतात ते वडिलांच्या काळातले पस्तीस एमएमचे रोल किंवा मोबाइलमधले फोटो. म्हणून हा वाद.

मामा : तू कर्व्ह लावते म्हणालीस. कशासाठी लावतेस, ते आधी सांग.

भाची : कारण प्रत्येक रीतीची भूक वेगळी. ब्रोमाइड पेपरसाठी नीट बसलेली निगेटिव्ह सायनोटाइपवर फिकी उतरते. पांढरं पांढरं राहत नाही, काळं गडद होत नाही.

मामा : हां. आता हे घनतेच्या भाषेत बोल. घनता एक म्हणजे दहातला एक भाग प्रकाश पलीकडे जातो. दोन म्हणजे शंभरातला एक. साध्या ब्रोमाइड पेपरला निगेटिव्हच्या सगळ्यांत उजळ आणि सगळ्यांत गडद भागांत साधारण एकाचा फरक पुरतो. तुझ्या सायनोटाइपला दीडच्या आसपास लागतो, प्लॅटिनमला पावणेदोन-दोन, सॉल्ट प्रिंटला दोन आणि त्याहून जास्तही चालतो. म्हणजे नुसतं आकाराने मोठं करून भागत नाही. मोठं करताना कॉन्ट्रास्टही चढवावा लागतो. लिथ फिल्म त्यासाठीच बरी.

भाची : लिथ फिल्म तर नुसती काळी-पांढरी. मधले टोन देतच नाही.

मामा : लिथ डेव्हलपरमध्ये नाही देत. पेपर डेव्हलपर चांगला पातळ करून घे, मग बघ कशी सरळ येते. जेवढा पातळ तेवढी सौम्य. पहिली पॉझिटिव्ह मुद्दाम सौम्य काढायची आणि एक्स्पोजर हात सैल सोडून द्यायचं, म्हणजे सावलीतला आणि उजेडातला सगळा तपशील तिच्यात उतरतो. ती हातात धरून पाहिलीस तर करडी, मरगळलेली दिसली पाहिजे. दिसायला छान पॉझिटिव्ह आली की समज, कुठलं तरी टोक कापलं गेलंय. मग दुसऱ्या पायरीला, निगेटिव्ह काढताना, डेव्हलपर थोडा कडक करून हवा तेवढा फरक चढवायचा.

भाची : आणि मोठं करायचं ते पहिल्या पायरीला की दुसऱ्या?

मामा : पहिल्या. काही लोक फिल्म वाचवायला आधी पस्तीस एमएमचीच पॉझिटिव्ह कॉन्टॅक्टने काढतात आणि मग ती एन्लार्ज करतात. त्यात छोट्या फिल्मवरची धूळ आठपट मोठी होते. पॉझिटिव्ह मोठी असली की लाइट टेबलवर ठेवून ब्रश घेऊन बसता येतं. धुराड्याजवळचं आकाश कुठे डागाळलं असेल तर तिथेच हात फिरवायचा.

भाची : मामा, हे सगळं ऐकायला सुरेख आहे. पण पातळ डेव्हलपर एका शीटमध्ये मरतो, ट्रे नीट हलला नाही तर आकाशात ढगाळ डाग येतात. दोन पायऱ्या, प्रत्येक पायरीला टेस्ट स्ट्रिप. उद्या मी कागद बदलला किंवा सायनोटाइप सोडून व्हॅनडाइककडे गेले, तर सगळं पहिल्यापासून. माझ्याकडे एकदाच एकवीस पायऱ्यांची पट्टी छापायची, कुठल्या पायरीला कागद किती गडद झाला ते मोजायचं, त्यावरून कर्व्ह बांधायचा. तोच कागद, तेच द्रावण, तोच दिवा असेल तर पुढचे सगळे फोटो त्या कर्व्हने बसतात. व्हॅनडाइकसाठी दुसरा कर्व्ह. फोटोला हात लावायचा नाही.

मामा : एकवीस पायऱ्यांची पट्टी? शून्य पूर्णांक पंधराच्या पायऱ्या?

भाची : हो.

मामा : अगं, ती तर आम्ही छपाईच्या प्लेटच्या कडेला ठेवायचो. कितवी पायरी धुऊन जाते आणि कितवी उरते, यावरून प्लेटचं एक्स्पोजर ठरायचं.

हा तपशील मी मुद्दाम ठेवला आहे. अल्टरनेटिव्ह प्रिंटिंगच्या इंग्रजी पुस्तकांत जी साधनं सांगितलेली असतात, ती एकेक करून पाहा. कागद आणि निगेटिव्ह घट्ट आवळणारी व्हॅक्यूम फ्रेम. अतिनील प्रकाशाचा दिवा. पायऱ्यांची पट्टी. इमल्शनला इमल्शन भिडवून कॉन्टॅक्ट करण्याची शिस्त. पिनहोल बुजवायला लाल ओपेक. पोटॅशियम फेरिसायनाइडसुद्धा. सायनोटाइपचा अर्धा भाग तो, आणि हायपोबरोबर मिसळून ठिपके बारीक करायला, म्हणजे डॉट एचिंगला, रिटचर वापरायचे तोही तोच. ऑफसेट छापखान्याच्या कॅमेरा आणि प्लेट विभागातलं सगळं सामान इथे आहे.

आणि हे नातं आजचं नाही. पुण्यात शासकीय फोटोझिंको मुद्रणालय आहे. त्याच्या नावातली फोटोझिंकोग्राफी १८६० च्या सुमारास इंग्लंडच्या ऑर्डनन्स सर्व्हे खात्यात हेन्री जेम्स यांच्या हाताखाली रुळली. नकाशाची हव्या त्या मापाची निगेटिव्ह कॅमेऱ्यात काढायची, बायक्रोमेटचा थर दिलेल्या कागदावर ती भिडवून छापायची, त्याला चरबीची शाई लावायची आणि तो ठसा जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा. उजेड लागला की बायक्रोमेटमुळे तो थर कडक होतो. आजचा कलावंत गम प्रिंट करतो तेव्हा डिंकाचं हेच होतं. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी याच धंद्यातले होते. बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी आणि छपाईच्या प्रक्रिया शिकले, लोणावळ्याला छपाईचा कारखाना काढला, तिरंगी छपाई समजून घ्यायला १९०९ मध्ये जर्मनीला गेले. निगेटिव्ह मापात आणि घनतेत बसवण्याचं ज्ञान महाराष्ट्रात शंभर वर्षांहून जास्त काळ रोजच्या मजुरीचं होतं. कला शिकवणाऱ्या संस्थांनी त्याला कधी कला मानलं नाही, आणि मला याचा राग येतो. आज मुलं परदेशी पुस्तकं मागवून जे शिकतात, ते शेजारच्या इमारतीतल्या आजोबांना येत असतं.

भाची : मग तुला माझी निगेटिव्ह पटायला हवी. बघ, ही कालची. डोळ्याला फिकी दिसते ना?

मामा : लालसर आहे. आरपार दिसतंय. ही काय अडवणार?

भाची : डोळ्याला दिसतं ते फसवं. काळ्या शाईपेक्षा काही प्रिंटरची पिवळी-लाल शाई अतिनील किरण जास्त अडवते. म्हणून मी रंगांचा तक्ता छापून कुठला रंग किती अडवतो ते आधी पाहते आणि त्या रंगात निगेटिव्ह काढते.

मामा : म्हणजे रुबीलिथ! लाल मास्किंग फिल्म. आम्हाला आरपार दिसायची, प्लेटला मात्र काळीकुट्ट. पिवळा गोल्डनरॉड कागदही तसाच. हे मला आधी सांगितलं असतंस तर मी एवढा वाद घातला नसता. पण एक सांग, यात रेषा का दिसतायत? आकाशात आडव्या.

भाची : नोझल चुकतात कधी कधी. बँडिंग.

मामा : चांदीत हे होत नाही. दाणा असतो, पण तो फोटोचा स्वतःचा असतो. या रेषा यंत्राच्या आहेत.

भाची : तुमच्या स्क्रीनचे ठिपके यंत्राचे नव्हते?

मामा : होते. म्हणूनच ठिपका कुठे दिसतो आणि कुठे मरतो ते मला माहीत आहे. खरबरीत, हाताने बनवलेल्या कागदावर सायनोटाइप करशील तर तुझ्या प्रिंटरचे ठिपके कागदाच्या धाग्यात हरवतील. तिथे मी तुझ्याशी भांडणार नाही. पण गुळगुळीत कागदावर प्लॅटिनम काढशील तर सगळं उघडं पडेल.

भाची : तुला माहितेय का, डिजिटल निगेटिव्हची सुरुवात तुमच्याच दुकानातून झाली? अमेरिकेतल्या डॅन बर्कहोल्डरचं पुस्तक १९९५ मध्ये आलं, त्यात निगेटिव्ह घरच्या प्रिंटरवर काढलेली नव्हती. फाइल छापखान्याच्या इमेजसेटरवर पाठवायची आणि लिथ फिल्मवर बारीक ठिपक्यांची निगेटिव्ह काढून आणायची.

मामा : इमेजसेटरवर? मग ठिपका पक्का काळा आणि मधली जागा स्वच्छ. घनतेची चिंताच नाही, टोन सगळा ठिपक्याच्या आकारात. आपल्याकडे लग्नपत्रिकांचं स्क्रीन प्रिंटिंग करणारे अजूनही फिल्म काढून घेतात. विचारायला हवं.

इथे भाचीची बाजू एका ठिकाणी निर्विवाद जड आहे, आणि ते मामालाही माहीत आहे. लिथ फिल्म आता सहज मिळत नाही. छपाईत कॉम्प्युटरवरून थेट प्लेट होऊ लागली तशी फिल्मची गरज संपली. ‘इंदू’ नावाने फिल्म आणि पेपर बनवणारी उटीची सरकारी हिंदुस्तान फोटो फिल्म्स १९६० मध्ये स्थापन झाली होती, तीही बंद पडली. एक्स-रे फिल्म वापरून पाहणारे आहेत. पण बहुतेक एक्स-रे फिल्मला दोन्ही बाजूंनी इमल्शन असतं, ते लवकर ओरखडतं, आणि दवाखानेही डिजिटलकडे गेले. मामाच्या रीतीचा पुरवठा आटत चालला आहे. त्यामुळे नव्याने शिकणाऱ्याने प्रिंटरनेच सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. स्कॅन चांगला हवा, एवढीच अट. दहा इंचांच्या बाजूला दर इंचाला ३६० बिंदू धरले तर ३६०० बिंदू लागतात, आणि ते पस्तीस एमएमच्या ३६ मिलिमीटरमधून काढायचे आहेत. घरगुती फ्लॅटबेड स्कॅनरच्या खोक्यावर जो आकडा असतो, तेवढा तपशील तो प्रत्यक्षात देत नाही.

पण टिकण्याच्या मुद्द्यावर मी मामाच्या बाजूला जातो.

मामा : तुझ्या शाईची निगेटिव्ह किती वर्षं राहील?

भाची : गरज पडली तर पुन्हा छापीन. फाइल आहे ना.

मामा : फाइल कुठल्या डिस्कवर, ती उघडणारं सॉफ्टवेअर राहील का, हे बघत बसायचं. नीट धुतलेली चांदीची फिल्म खिडकीकडे धरली की दिसते. दुसरं काही लागत नाही.

भाची : आणि तरी तुमच्या छापखान्यांतल्या फिल्म कुठे आहेत आज?

मामा : भंगारात. वापरलेल्या हायपोतून चांदी काढायला लोक यायचे, तेच जुनी फिल्मही किलोवर घेऊन जायचे. मराठी मासिकांची मुखपृष्ठं, दिवाळी अंकांची चित्रं, सगळ्यांच्या निगेटिव्ह अशा गेल्या. तेव्हा कुणाला वाटलं नाही की ठेवाव्यात.

भाची : म्हणजे टिकाऊ होत्या, पण कुणी टिकू दिल्या नाहीत.

मामा : हो. ते खरं आहे.

यावर मामाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. एवढंच म्हणता येईल की ज्याच्या घरात पस्तीस एमएमचे रोल आहेत, त्याने स्कॅन झाल्यावर ते टाकून देऊ नयेत.

भाची : आणखी एक अडचण आहे. जुलैमध्ये कागद वाळल्यासारखा वाटतो, पण ओलसर असतो. त्यावर माझी निगेटिव्ह चिकटली आणि शाई सुटून कागदावर आली.

मामा : फिल्मचं जिलेटिनही दमट कागदावर चिकटतं. प्लॅटिनमला थोडी दमट हवा मानवते, पण निगेटिव्हला नाही. मध्ये पातळ पारदर्शक पॉलिएस्टर शीट घाल.

भाची : तीक्ष्णता जाईल.

मामा : उन्हात थोडीच जाईल, कारण ऊन एका दिशेने येतं. ट्यूबलाइटच्या पेटीत जास्त जाईल, तिथे उजेड चहूकडून येतो. पावसाळ्यात पेटी लागणारच, समोर टॉवर झाल्यापासून गॅलरीत ऊनही किती येतं. मग शीट मिळेल तेवढी पातळ घे आणि काच घट्ट आवळ. मागच्या बाजूला स्पंज ठेव. आणि एक सांगून ठेवतो, गम प्रिंट करायचा झाला तर बायक्रोमेट या घरात नको. ते विषारी आहे, मोरीत ओतायची वस्तू नव्हे.

भाची : कबूल. मग आता ठाकुर्लीच्या फोटोचं काय करायचं?

मामा : दोन्हीकडून काढू. स्कॅनवरून तू तुझी निगेटिव्ह काढ. लिथ फिल्म मिळाली तर मी माझी काढतो. कागद एकच, द्रावण एकाच बाटलीतलं, एकाच दिवशी, शेजारी शेजारी ठेवून छापू. तुझ्या पट्टीने दोन्ही मोज.

भाची : आणि फिल्म मिळाली नाही तर?

मामा : जुन्या खात्यातला एक जण अंबरनाथला असतो. तो फिल्मची खोकी कधी फेकून देणारा नव्हता. एक्स्पायर झालेली असेल, थोडा फॉग येईल, पण तो किती येतो ते मोजून वजा करता येतं. फोन लावतो त्याला. तू वही घेऊन बस. पातळ डेव्हलपरची प्रमाणं त्याला तोंडपाठ आहेत, लिहिलेली कुठेच नाहीत. आधी पॉझिटिव्हचं प्रमाण विचार, निगेटिव्हचं नंतर.